स्क्वॅटनंतरची पंधरा मिनिटं

आठवड्यातून तीन दिवस आणि दर दिवशी तीनच व्यायाम. एका दिवशी स्क्वॅट (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बेंचवर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभं राहणं). पुढच्या वेळी स्क्वॅट, ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं) आणि रो (पुढे वाकून बार पोटाकडे ओढणं). बारबेलवर, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायच्या लांब दांड्यावर, ताकद कमवायला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या हातात असाच कागद पडतो, माझ्याही पडला. स्क्वॅटचे ५ रेपचे ३ सेट (सलग पाच वेळा, अशा तीन फेऱ्या), डेडलिफ्टचा ५ रेपचा एकच सेट, आणि सगळे रेप नीट झाले की पुढच्या वेळी थोडं वजन चढवायचं. पायांसाठी याहून वेगळं काही नाही. शेजारी कुणी लेग प्रेसच्या मशीनवर पायांनी वजन ढकलतंय, कुणी डंबेल धरून लंजेस मारत, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघा वाकवत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जातंय, आणि आपण मात्र स्क्वॅट संपवून सरळ बेंचकडे वळतोय, हे मला सुरुवातीला खटकायचं. असे पूरक व्यायाम, म्हणजे मुख्य व्यायामांच्या जोडीला घ्यायचे, आपण का घेत नाही, असं मी आमच्या ट्रेनरना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, दर वेळी वजन वाढतंय ना? मग कागदाला हात लावू नका. वाढायचं थांबलं की बोलू."

त्यांचं म्हणणं पटायला मला थोडं वाचावं लागलं. नव्याने वजन उचलू लागलेल्या माणसाची पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, त्यातला मोठा भाग स्नायू जाड झाल्यामुळे नसतो. आहेत त्याच स्नायूंना एकाच वेळी, योग्य क्रमाने कामाला जुंपायला मज्जासंस्था शिकत असते. हे शिकणं त्याच हालचालीच्या सरावाने होतं, म्हणून तोच स्क्वॅट आठवड्यातून तीनदा. आणि तीनदा जड स्क्वॅट हे पायांसाठी भरपूर काम आहे. मध्ये मिळतो तो एक मोकळा दिवस. त्या दिवसात सावरून पाय पुन्हा तयार व्हायचे असतात. तिथे आणखी चार व्यायाम घुसवले तर परवाच्या स्क्वॅटला पाय जड येतात, शेवटचा रेप हुकतो, आणि ज्या वजनवाढीसाठी हा सगळा खटाटोप, तीच अडते. त्यामुळे मी कागद होता तसा पाळला. १५ किलोच्या रिकाम्या बारपासून सुरुवात केली होती. आधी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट वाढवत गेले, मग ती उडी मोठी वाटू लागली तेव्हा अर्ध्या-अर्ध्या किलोची.

गाडी अडली ती ५५ किलोच्या आसपास. तिसऱ्या सेटचा चौथा रेप कसाबसा वर यायचा आणि पाचवा अर्ध्यातच बसायचा. रॅकच्या आडव्या सेफ्टी बारवर वजन टेकवून खालून बाहेर पडायचं, हा प्रकार ओळीने होऊ लागला. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे वजन दहा टक्क्यांनी उतरवलं आणि पुन्हा चढत गेले. पुन्हा तिथेच अडलं.

इथे पहिला विचार पूरक व्यायामांचा करायचा नसतो, हे मी ठासून सांगेन. आधी झोप, खाणं आणि दोन सेटमधली विश्रांती बघायची. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटं थांबणं हा आळस नाही. स्नायूंमधला तत्काळ वापरायचा ऊर्जासाठा, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, परत भरायला काही मिनिटं जावी लागतात. मी घड्याळ लावून चार मिनिटं थांबायला लागले आणि तिसरा सेट लगेच सुधारला. पण अडायची जागा थोडीच पुढे सरकली.

मग ट्रेनरनी स्क्वॅटचं चित्रीकरण केलं, एकदा बाजूने आणि एकदा मागून. शेवटच्या रेपांमध्ये दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. बाजूने बघताना खालून उठायच्या क्षणी माझे कुल्ले आधी वर जात होते आणि छाती मागे राहत होती. म्हणजे गुडघे लवकर सरळ होऊन सगळा भार कंबरेवर आणि खुब्यांवर ढकलला जात होता. मांडीचा पुढचा भाग कमी पडला की शरीर सहसा हीच वाट काढतं. मागून बघताना बार किंचित उजवीकडे सरकत होता. डावा पाय आपला वाटा उचलत नव्हता. हलक्या वजनात यातलं काहीच दिसत नव्हतं.

पूरक व्यायाम निवडायची हीच पद्धत मला योग्य वाटते. "पायांसाठी आणखी काहीतरी हवं" एवढ्यावर यादी मोठी करायची नाही. मुख्य व्यायाम नेमका कुठे सुटतोय ते बघायचं आणि त्या जागेसाठी एक व्यायाम घ्यायचा. माझ्या दोन्ही दुखण्यांना एकच उत्तर लागू पडत होतं: मांडीच्या पुढच्या भागाला काम देणारा आणि एका वेळी एकाच पायावर होणारा व्यायाम. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॅट.

हा व्यायाम बघताना साधा वाटतो. मागचा पाय बेंचवर, बुटाच्या लेसची बाजू खाली, आणि पुढच्या पायावर खाली बसायचं. पहिल्यांदा केला तेव्हा हातात वजन नव्हतं. पुढचं पाऊल बेंचपासून किती लांब ठेवायचं हे शोधण्यातच वेळ गेला. फार जवळ ठेवलं की टाच उचलली जायची. फार लांब ठेवलं की मागच्या पायाच्या जांघेत ताण यायचा आणि काम मांडीऐवजी कुल्ल्याकडे जायचं. शेवटी बेंचच्या टोकावर बसून पाय सरळ लांब केला, टाच जिथे टेकली तिथे पाऊल ठेवलं, आणि अंतर जमलं. जमिनीवर खडूने बारीक रेघ मारून घेतली. डाव्या पायावर उतरताना मांडीआधी घोटा थरथरायला लागला. पावलाचा अंगठा, करंगळीखालचा भाग आणि टाच हे तीनही बिंदू जमिनीला दाबून धरायचे, नजर समोर एका ठिकाणी रोखायची, असं ट्रेनर सांगत होते. "घाई नको मॅडम, खाली जाताना तीन आकडे मोजा." तिसऱ्या आकड्याला मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटं वर होता आणि डाव्या मांडीच्या पुढच्या भागात, गुडघ्याच्या जरा वर, अशी आग पेटली की जी मला दोन पायांच्या स्क्वॅटमध्ये कधी जाणवली नव्हती. उजव्या पायाला तेच काम करताना नुसता दम लागला.

नियम असा ठेवला की सुरुवात दुबळ्या पायाने करायची आणि डाव्याला जेवढे रेप जमतील तेवढेच उजव्याने करायचे, अधिक जमत असले तरी नाही. नाहीतर फरक तसाच राहतो. आठ-आठ रेपचे दोन सेट, तेही आठवड्यातून एकदाच. पहिले काही आठवडे अडथळा ताकदीचा नव्हता, तोलाचा होता, त्यामुळे वजन वाढवायची घाई केली नाही. तोल जमल्यावर सहा-सहा किलोची डंबेल घेतली आणि तिथून खरी मोजदाद सुरू झाली.

नवीन व्यायाम सुरू केला की अंग आंबतं, त्याचा अंदाज बांधूनच दिवस निवडावा लागतो. स्नायू ताणला जात असताना भार पेलला, म्हणजे वजन खाली नेण्याच्या टप्प्यात, तर आंबणं जास्त असतं आणि ते साधारण एक ते तीन दिवस टिकतं. म्हणून मी स्प्लिट स्क्वॅट आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या मुख्य व्यायामांनंतर ठेवला. पुढे दोन दिवस मोकळे मिळतात. पहिल्या खेपेला दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. पुढच्या खेपेला निम्म्यानेही दुखलं नाही. तोच व्यायाम पुन्हा केला की स्नायूंची झीज कमी होते, हे शास्त्रात नीट नोंदलेलं आहे, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी कमी करणं आणि मग नेमाने करणं हे एका दिवसात खूप करण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं.

दुसरा व्यायाम घेतला तो स्प्लिट स्क्वॅट अंगवळणी पडल्यावर. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाचा परिणाम काय हे कळत नाही. या वेळी मात्र कारण चित्रीकरणातून आलं नाही, ते शरीररचनेतून आलं, आणि मला हा भाग अतिशय आवडतो.

स्क्वॅट म्हणजे संपूर्ण पायाचा व्यायाम असं सर्रास म्हटलं जातं. पण मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते एक छोटा भाग सोडला तर खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातात. स्क्वॅटमध्ये खाली बसताना खुबा वाकतो तेव्हा ते वरून ताणले जातात, आणि त्याच वेळी गुडघा वाकतो तेव्हा खालून सैल होतात. दोराचं एक टोक ओढावं आणि दुसरं तेवढंच सोडावं, तशी त्यांची एकूण लांबी फारशी बदलतच नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचा रेक्टस फेमोरिस हा स्नायूही दोन्ही सांध्यांवरून जातो आणि त्याचीही गत तीच. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला: काही पुरुषांनी दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, काहींनी पूर्ण आणि काहींनी अर्ध्या खोलीचे स्क्वॅट केले. मांडीच्या पुढच्या बाजूचे बाकीचे स्नायू वाढले, खोल बसणाऱ्यांमध्ये कुल्ल्याचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जास्त वाढले. हॅमस्ट्रिंग आणि रेक्टस फेमोरिस मात्र होते तेवढेच राहिले.

हे वाचल्यावर माझ्या कागदाकडे बघण्याची नजर बदलली. स्क्वॅट तीनदा, पण मांडीच्या मागच्या बाजूला खरं काम देणारा डेडलिफ्ट पाच रेपचा एक सेट, तोही एक खेप सोडून येणाऱ्या पाळीत. एवढ्याने भागत नाही असं कुणाच्याही बाबतीत म्हणता येईल, त्यासाठी वजन अडायची वाट बघायला नको.

इथे रोमानियन डेडलिफ्ट आला. रोमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद, १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, हा व्यायाम करायचा, त्यावरून हे नाव रूढ झालं. साध्या डेडलिफ्टमध्ये बार जमिनीवरून उचलायचा असतो; यात तो आधीच हातात घेऊन उभं राहायचं आणि खाली न्यायचा. गुडघे अगदी किंचित वाकवून तिथेच ठेवायचे आणि कुल्ले मागे ढकलत राहायचं. कपडे घासत बार मांडीवरून खाली सरकतो. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या भागापर्यंत आल्यावर मांडीच्या मागच्या बाजूला आता पुढे वाव नाही असं स्वच्छ कळतं. तिथेच थांबायचं. त्यापुढे बार गेला तर तो पाठ वाकवून गेलेला असतो, आणि त्याचा उपयोग नाही. माझ्या बाबतीत ही जागा गुडघ्याच्या वाटीखाली साधारण एक वीत होती. ज्याची जागा जिथे येते तिथेच त्याने थांबावं; जमिनीला टेकवायची स्पर्धा नाही.

३० किलोवर सुरू केलं, जे माझ्या डेडलिफ्टच्या निम्म्याहून कमी होतं. आठ रेपचे दोन सेट, काही आठवड्यांनी तीन. वजन इतकं हलकं की उचलताना काही वाटू नये, पण संथ खाली नेलं की सहाव्या रेपपासून मागच्या बाजूला ओढ बसायची. ज्या दिवशी डेडलिफ्ट नाही त्या दिवशी हा व्यायाम ठेवला, आणि त्यातून एक अडचण उभी राहिली: त्या दिवशी बारबेल रो असतो, म्हणजे पुढे वाकून पाठीच्या खालच्या भागाने शरीर तोलायचं. आधी स्क्वॅट, मग रो, मग रोमानियन डेडलिफ्ट, अशी तिन्हीकडून कंबर दमायची. ट्रेनरशी बोलून रो बदलला. एक हात आणि एक गुडघा बेंचवर टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल ओढायचं. पाठीला तेच काम मिळतं आणि कंबर मोकळी राहते. पूरक व्यायाम घालताना नुसतं "कुठे जागा आहे" एवढं बघून चालत नाही. तो व्यायाम शरीराचा जो भाग दमवतो, तोच भाग त्या दिवशी आणखी कशात वापरला जातोय हेही बघावं लागतं. कंबरेबाबत तर फारच.

पोटऱ्यांचं थोडक्यात सांगते. स्क्वॅट आणि डेडलिफ्टमध्ये पोटरीला घोटा स्थिर ठेवण्यापलीकडे फारसं काम नसतं, म्हणून उभ्याने टाचा उचलायचे दोन सेट घेते. पायरीवर पावलाचा पुढचा भाग ठेवायचा, टाच पूर्ण खाली नेऊन दोन सेकंद थांबायचं आणि मग वर. खालचं थांबणं टाळलं तर पोटरीला टाचेशी जोडणारी लवचीक कंडरा उसळी देते आणि स्नायू आराम करतो. ओव्हरहेड प्रेसच्या दोन सेटांच्या मधल्या वेळात हे होऊन जातं, वेगळा वेळ लागत नाही.

काय घेतलं नाही तेही सांगायला हवं, कारण निवड म्हणजे तेच. चालत्या लंजेसनी मला तीन दिवस पाय भरून आले आणि पुढचा स्क्वॅट बिघडला, म्हणून ते बाजूला ठेवले. ज्यांचं मुख्य वेळापत्रक आठवड्यातून दोनदाचं आहे त्यांना ते छान जमतील. लेग प्रेस वाईट नाही, कंबरेवर भार न टाकता मांड्यांना भरपूर काम देतो, पण डाव्या-उजव्या पायातला फरक त्यात लपून राहतो आणि मला तोच काढायचा होता. लेग एक्स्टेन्शनबद्दल, म्हणजे मशीनवर बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करण्याबद्दल, गुडघे खराब होतात असं खूपदा कानावर येतं. निरोगी गुडघ्याला झेपेल त्या वजनात तसं काही होत नाही. टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया घालणारे अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म १९४० च्या दशकात जखमी सैनिकांच्या पायात लोखंडी बूट घालून त्यांना हाच गुडघा सरळ करण्याचा व्यायाम देत होते, तेही दुबळा झालेला गुडघा सुधारण्यासाठी. आणि रेक्टस फेमोरिसला स्क्वॅटमधून जे मिळत नाही ते यातून मिळतं. त्याची पाळी माझ्याकडे पुढे कधीतरी येईल. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी मात्र व्यायाम निवडण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावं, यात हयगय नको.

पूरक व्यायामात मी शेवटचा रेप हुकेपर्यंत जात नाही. अजून दोन रेप झाले असते अशा बेताला सेट थांबवते. जीव काढायचा तर तो स्क्वॅटसाठी. आणि पुढच्या स्क्वॅटला नेहमीचं वजन विनाकारण जड लागलं तर सर्वात आधी कात्री लागते ती पूरक सेटांना. स्क्वॅट कमी करायचा नंतर. वहीत मी प्रत्येक पूरक व्यायामासमोर पुढच्या दिवशीचा स्क्वॅट कसा गेला हे एका शब्दात लिहिते: हलका, ठीक, जड. ओळीने दोनदा "जड" आलं की एक सेट कमी. याहून क्लिष्ट हिशोबाची नवशिक्याला गरज पडत नाही.

या सगळ्यानंतर स्क्वॅट ५५ च्या पुढे सरकला आणि आता ६५ वर तीन सेट पूर्ण होतात. श्रेय एकट्या पूरक व्यायामांना देणार नाही. लांबवलेली विश्रांती आणि उतरवून पुन्हा चढवलेलं वजन यांचाही त्यात वाटा आहे. पण चित्रीकरण पुन्हा केलं तेव्हा दोन फरक दिसले जे विश्रांतीने आले नसते. जड रेपमध्ये छाती आणि कुल्ले आता बरोबरीने वर येतात. आणि बार मधोमध राहतो. स्प्लिट स्क्वॅटमध्ये डावा पाय अजून उजव्याच्या एखादा रेप मागे आहे, तरी पहिल्या दिवसाच्या मानाने हा फरक काहीच नाही. डेडलिफ्टमध्ये मात्र मला अपेक्षा नव्हती असा बदल झाला: बार गुडघ्यावरून वर येतानाचा जो टप्पा नेहमी रेंगाळायचा, तो आता सलग जातो.

यापुढे रोमानियन डेडलिफ्टच्या जोडीला लेग कर्ल घ्यायचा विचार आहे, कारण हॅमस्ट्रिंगचं दुसरं काम, गुडघा वाकवणं, ते अजून कशातच होत नाही. आमच्याकडे पालथं झोपून करायचं मशीनही आहे आणि बसून करायचंही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांनंतर बसून केलेल्या कर्लने हॅमस्ट्रिंग अधिक वाढलेले आढळले. बसल्यावर खुबा वाकलेला असतो आणि स्नायू ताणलेल्या लांबीवर काम करतो, हे त्याचं कारण. तेव्हा बसायचं मशीन. ट्रेनरना विचारलं तर म्हणाले, "घ्या, पण आधी टाचांचा एक सेट कमी करा." तो कमी केला आहे. सोमवारपासून दोन सेट, बारा रेप, मशीनच्या सगळ्यात हलक्या वजनावर.